कपड्यांवरचे ग्रीस-तेलाचे जुने डाग: धुऊन, इस्त्री होऊनही राहिलेत, कसे काढायचे?

शिरोली_पूल

नमस्कार मंडळी. तीन कपडे बाजूला काढून ठेवलेत, जाणकारांनी मार्ग सांगावा.

पहिला, कारखान्याचा युनिफॉर्म शर्ट. नेव्ही ब्लू, टेरिकॉट. पोटावर ग्रीसचे तळहाताएवढे दोन डाग. वडीच्या साबणानं धुऊन झालाय, वर इस्त्रीही झालीय. दुसरी, खाकी सुती पँट. मोहरीजवळ गाडीच्या चेनचा काळा पट्टा आणि त्याच्या कडेनं तांबूस झाक. तिसरा, पांढरा सुती झब्बा. त्यावर तांबड्या रश्श्याचा कट सांडून महिना उलटलाय, आता पिवळट-केशरी गोल उरलाय.

घरात धुण्याचा सोडा, वॉशिंग पावडर आणि भांड्यांचं लिक्विड आहे. पाणी बोअरचं. बाहेरून काय आणायचं, किती घालायचं आणि आधी काय, नंतर काय, एवढं नीट सांगा.

उद्यमनगर_टर्नर

भावा, तिन्ही डाग वेगळ्या जातीचे आहेत, त्यामुळं एकाच बादलीत भिजवू नका.

आधी एक चाचणी करा. डागावर साध्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि दुसरा थेंब त्याच कपड्याच्या स्वच्छ भागावर. स्वच्छ भागातला थेंब लगेच मुरला आणि डागावरचा मण्यासारखा उभा राहिला, तर आत अजून तेल आहे. दोन्ही सारखेच मुरले तर तेल गेलंय, राहिलाय तो रंग किंवा धातूची पूड. तेल असताना ब्लीच, लिंबू, ऊन काहीही लावलं तरी ते आत पोचत नाही. तेल गेल्यावर कितीही लिक्विड चोळलं तरी पूड हलत नाही. नवीन पॉलिस्टरवर कधीकधी सगळीकडेच थेंब उभा राहतो, म्हणून स्वच्छ भागाशी ताडून बघायचं.

आता ग्रीसचं. ग्रीस म्हणजे बहुतांश खनिज तेल, ते जागेवर राहावं म्हणून त्यात लिथियम किंवा कॅल्शियमचा साबण घोटलेला. काळपट असेल तर ग्रॅफाइट, मोली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) किंवा झिजलेल्या लोखंडाची पूड मिसळलेली. धुण्याचा सोडा गोड्या तेलातल्या आम्लाचा साबण करतो, म्हणून ताटाचा तेलकटपणा त्यानं निघतो. खनिज तेलाचा साबण होतच नाही. नुसत्या सोड्यात ग्रीसचा कपडा रात्रभर भिजवला तरी सकाळी डाग तिथंच दिसतो, त्याचं कारण हेच. ग्रीसला आधी त्याच्याच जातीचं पातळ तेल लागतं. ते त्याला विरघळवतं, मग लिक्विड त्या दोघांना पाण्यात ओढून नेतं.

पेंटच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, ऑइल पेंट पातळ करायला वापरतात तेच. एक छोटी बाटली आणा. शर्ट उलटा करा. डागाखाली जुन्या पांढऱ्या सुती कपड्याची चार पदरी घडी ठेवा, डागाचा दर्शनी भाग घडीवर यायला पाहिजे. मागच्या बाजूनं चमचाभर टर्पेंटाइन सोडा. दोन-तीन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या फडक्यानं दाबा. घासायचं नाही, दाबायचं. खालच्या घडीवर पिवळा-काळा ठसा उमटेल. घडी सरकवून कोरी जागा डागाखाली आणा आणि पुन्हा सोडा. ठसा फिका होईपर्यंत हेच. तळहाताएवढ्या डागाला सगळं मिळून तीन-चार चमचे पुरतात.

ठसा उमटायचा थांबला की कपडा पाण्यात न बुडवता भांड्यांचं लिक्विड एक चमचा त्यावर सोडा आणि मऊ टूथब्रशनं विणीच्या दिशेनं चोळा. वीस मिनिटं तसंच ठेवा. मग हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याचे थोडे-थोडे शिंतोडे मारत फेस करा. पांढरा, दुधासारखा फेस आला म्हणजे तेल सुटतंय. नंतर भरपूर पाण्यानं खळबळून घ्या. सावलीत वाळवा, उजेडात धरून बघा. डाग दिसला तर पुन्हा टर्पेंटाइनपासून. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही.

मंगळवारातला

टर्पेंटाइनच्या जागी पेट्रोल चालत नाही का? गाडीतून काढलं की झालं. आणि रॉकेल?

उद्यमनगर_टर्नर

पेट्रोल नको. थंडीतसुद्धा त्याची वाफ होते, ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीनं पेटते. शिवाय त्यात रंग आणि बाकीची भर असते, ती कपड्यात मागं राहते. रॉकेल डाग सोडवतं, पण सावकाश उडतं, त्याचा स्वतःचा तेलकटपणा आणि वास दोन धुण्यांनंतरही जात नाही. रेशनचं निळं रॉकेल तर मुळीच नको, ते मुद्दाम रंगवलेलं असतं. टर्पेंटाइनही ज्वालाग्राही आहेच, म्हणून काम अंगणात किंवा गच्चीवर करा. गॅस बंद, देवघरातला दिवा शांत झालेला, विडी-सिगरेट नाही. टर्पेंटाइन लावलेला कपडा वास जाईपर्यंत हातानंच धुवा. मशिनमध्ये आणि ड्रायरमध्ये घालायचा नाही. वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा, मग कचऱ्यात.

एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं द्रावण) आणि ॲसिटोनपासूनही लांब राहा. काही चमकदार अस्तरं ॲसिटेटची असतात, ॲसिटोनच्या थेंबानं तिथं भोक पडतं. काही छापील डिझाइन आणि बटणंही त्यानं विरघळतात.

धुलाई_कट्टा

टर्नरदादांनी सांगितलंय ते बरोबर. टेरिकॉटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लाँड्रीत सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात.

सुताला पाणी आवडतं. धुताना सुती धागा पाणी पितो, फुगतो आणि तेलाला बाहेर ढकलतो. पॉलिस्टर पाणी पीत नाही, उलट तेल धरून ठेवतो. टेरिकॉट म्हणजे दोघांचं मिश्रण, त्यामुळं डाग अर्धा निघाल्यासारखा दिसतो आणि वाळल्यावर पुन्हा वर येतो. वर इस्त्री फिरली की पॉलिस्टरचा धागा उष्णतेनं सैल होतो, तेल आत मुरतं आणि गार झाल्यावर तिथंच अडकतं. म्हणून इस्त्री झालेल्या टेरिकॉटला घाई चालत नाही. टर्पेंटाइन लावून दहा मिनिटं वर प्लास्टिकची पिशवी झाका, उडून जाऊ देऊ नका. मुरलेल्या तेलापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो.

टेरिकॉटसाठी पावडरपेक्षा द्रव डिटर्जंट बरं. त्यातला साबणी भाग तेल उचलायला जास्त चांगला असतो. फॅब्रिक कंडिशनर तेवढ्या धुण्यापुरता बंद, तो धाग्यावर थर चढवतो आणि डाग झाकून टाकतो.

बोअरच्या पाण्यात वडीचा साबण वापरूच नका. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट राखाडी साय तयार होते, ती नेमकी डागावर बसते. शिरोली_पूल यांच्या शर्टावर नुसतं ग्रीस नसणार, वर या सायीचाही थर असणार. पहिल्या धुण्याच्या बादलीत, दहा लिटर पाण्याला दोन सपाट चमचे धुण्याचा सोडा आधी विरघळवा, मगच डिटर्जंट घाला. इथं सोडा पाणी मऊ करायला आहे, ग्रीस काढायला नाही. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात जमलं तर उत्तम.

रंकाळा_सांज

टर्पेंटाइन लावल्यावर डागाभोवती मोठी गोल कड उमटते, ती कशी टाळायची? फिक्या रंगावर ती मूळ डागापेक्षा जास्त दिसते.

धुलाई_कट्टा

कड म्हणजे तेलच असतं. टर्पेंटाइननं विरघळलेलं तेल कपड्यातून बाहेरच्या अंगाला पसरतं. जिथं टर्पेंटाइन उडून जातं तिथं तेल मागं राहतं, त्याची रेघ होते. उपाय तीन. थोडं-थोडं सोडायचं, एकदम ओतायचं नाही. ओल्या भागाच्या बाहेरून डागाच्या मध्याकडे दाबत यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टर्पेंटाइन वाळायच्या आधीच लिक्विड लावायचं, तेही डागाच्या चार बोटं पलीकडपर्यंत. मधल्या वेळात फोन आला म्हणून कपडा तसाच ठेवला की कड बसलीच. बसली असेल तर कडेवरच पुन्हा टर्पेंटाइन, लगेच लिक्विड, आणि तो सगळा भाग धुवायचा.

रसायन_मास्तर

चेनच्या पट्ट्याची ‘तांबूस झाक’ लिहिलीय, ती वाचून सांगतो, तिथं लोखंड आहे. चेन आणि स्प्रॉकेट झिजून निघालेली बारीक पूड ग्रीसमध्ये असते. कपडा धुतला की ग्रीस थोडं जातं, पूड विणीत राहते आणि पाण्यानं गंजते. फौंड्रीत, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांच्या कपड्यांचंही असंच होतं.

क्रम चुकवू नका. आधी वर सांगितल्याप्रमाणे तेल काढा, पाण्याच्या थेंबानं खात्री करा. मग गंज. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे खडे मिळतात. अर्धा लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा विरघळवा आणि फक्त डागाचा भाग प्लास्टिकच्या वाडग्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पिवळट पाणी सुटेल. तेवढ्यानं फरक पडला पण डाग पूर्ण गेला नाही, तर नवं पाणी करून पुन्हा अर्धा तास. नंतर भरपूर पाण्यानं खळबळा, आम्ल वाळून राहिलं तर सुती धागा कमजोर होतो. खाकीचा रंग उतरतो का ते आधी आतल्या शिवणीवर बघा.

ऑक्झॅलिक ॲसिड जास्त जोरकस आहे, पण विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर आणू नका. वापरलंच तर हातमोजे घालून.

आणि गंजावर क्लोरीनचं ब्लीच कधीही नाही. ब्लीच लोखंडाला आणखी गंजवतं, डाग गडद होऊन पक्का बसतो. ब्लीच आणि लिंबूसत्त्व एका भांड्यात आले तर क्लोरीन वायू सुटतो, तो फुफ्फुसाला घातक आहे. एकानंतर दुसरं वापरायचं झालं तरी मध्ये कपडा स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळायलाच हवा.

मंगळवारातला

मोली ग्रीसचं काय? टर्पेंटाइननं तेल जातं, राखाडी सावली राहते. लिंबूसत्त्वानंही काही होत नाही.

रसायन_मास्तर

होणारही नाही. मोली आणि ग्रॅफाइट आम्लात विरघळत नाहीत, ब्लीचनं त्यांचा रंगही जात नाही. ती पूड फेसावर उचलून बाहेरच काढावी लागते. मेकॅनिक लोक हात धुवायला जी जेल वापरतात ती आणा, पण वाळूचे कण नसलेली. कणांनी कापडावर केस उभे राहतात. कोरड्या कपड्यावर जेल चोळा, पाच मिनिटांनी गरम पाण्याच्या बारीक धारेखाली मागच्या बाजूनं धुवा, म्हणजे पूड आली त्या वाटेनंच परत जाईल. फेस राखाडी यायचा थांबेपर्यंत चालू ठेवा. डिटर्जंट कमी पडलं तर सुटलेली पूड शेजारच्या स्वच्छ भागावर बसते आणि सगळा कपडाच मळकट दिसतो. म्हणून असा कपडा इतर कपड्यांबरोबर धुवायचा नाही.

पद्मा_राजारामपुरी

तांबड्या रश्श्याच्या झब्ब्याचं मी सांगते.

कटात तीन गोष्टी आहेत: तेल, मिरचीचा लाल रंग आणि हळद. मिरचीचा रंग तेलात विरघळलेला असतो, त्यामुळं तेलाबरोबर बराचसा निघतो. हळद धाग्याला धरून बसते. महिनाभर राहिलेल्या तेलाचा आणखी एक त्रास. सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही तेलं हवेनं घट्ट होत जातात. चिवड्याच्या कढईच्या काठावर जो पिवळा चिकट थर बसतो, तोच प्रकार कापडावर सुरू झालेला असतो. तो पूर्ण कडक व्हायच्या आत काढलेला बरा.

कोरड्या डागावर आधी ग्लिसरीनचे चार-पाच थेंब चोळून तासभर ठेवा, थर मऊ होतो. मग त्यावरच एक चमचा भांड्यांचं लिक्विड, वीस मिनिटं. नंतर दहा लिटर गरम पाण्यात तीन मोठे चमचे वॉशिंग पावडर आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. इथं सोडा खऱ्या अर्थानं काम करतो, कारण हे गोडं तेल आहे. पावडरच्या पाकिटावर ‘एन्झाइम’ लिहिलेलं असेल तर पाणी कोमट ठेवा, ४० अंशांच्या आसपास. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतात. ग्रीसवर मात्र या एन्झाइमचा उपयोग नाही.

सोड्याच्या पाण्यात डाग एकदम लालभडक होईल. घाबरून लिंबू पिळू नका. हळद क्षारात लाल होते, खळबळल्यावर पुन्हा पिवळी दिसते. तेल गेलं की नाही हे थेंबानं तपासा. गेलं असेल तर झब्बा ओला असतानाच कडक उन्हात, डाग वर करून पसरा. हळदीचा रंग उन्हानं उडतो. दुपारपर्यंत फरक दिसेल. तेल आत असताना मात्र उन्हात टाकायचं नाही, तेल तापून आणखी पिवळं पडतं.

रंकाळा_सांज

आणि पावसाळ्यात? आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं.

पद्मा_राजारामपुरी

तेव्हा ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. वॅनिशसारख्या डाग काढायच्या पावडरींमध्ये तेच असतं. चार लिटर, ४० ते ५० अंशांच्या पाण्यात दोन मोठे चमचे. पावडर गरम पाण्यात आधी पूर्ण विरघळवायची, मग कपडा. चार ते सहा तास. पाणी गार झालं की जोर ओसरतो, म्हणून एकदा मध्ये बदललं तर बरं. उरलेलं पाणी झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटते. रेशीम आणि लोकर यांना हे लावायचं नाही.

इचलसूत

यंत्रमागावर कापडाला तेलाचे डाग पडतातच, त्यामुळं आमच्याकडं कापड तपासणीच्या टेबलाशी डाग काढायची गन असते. बंदुकीसारखा विजेवरचा स्प्रे, बारीक धार जोरात मारतो, तेल विणीतून पलीकडं निघून जातं. खाली शोषून घेणारं कापड ठेवलेलं असतं. टर्नरदादांनी सांगितलेली मागून दाबायची पद्धत हीच, फक्त हातानं.

गनमध्ये काय भरतात याबद्दल सावध राहा. पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास होतं. ते यकृताला घातक, शिवाय ओझोनच्या थराला मारक. मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून असा वापर बंद झालाय. ट्रायक्लोरोएथिलीन कर्करोगकारक आहे. ‘डाग काढायचं पाणी’ म्हणून बिनलेबलची बाटली कोणी दिली तर घरात आणू नका. गोड वास येतो, पेट घेत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि बंद खोलीत वापरतात. धोका त्या वाफेतच आहे.

मंगळवारातला

नऊवारीच्या काठाला चेनचं ग्रीस लागलंय, रेशमी आहे, जर आहे. गेल्या लग्नसराईपासून तशीच घडी घालून ठेवलीय.

धुलाई_कट्टा

रेशमाला घासणं, गरम पाणी, सोडा, वॉशिंग पावडर सगळं वर्ज्य. एन्झाइमवाली पावडर तर धागाच खाते. जरीला आम्ल लागलं की ती काळवंडते, त्यामुळं लिंबूसत्त्वही नाही.

घरी करता येण्यासारखा एकच प्रकार आहे, लेप. बिनवासाची टाल्कम पावडर आणि टर्पेंटाइन मिसळून दह्याएवढं घट्ट कालवा. साडीचा खोचायचा कोपरा घेऊन आधी तिथं लावून बघा, रंग सुटत नाही ना. मग डागावर आणि कडेनं बोटभर बाहेरपर्यंत थर द्या. टर्पेंटाइन ग्रीस विरघळवतं आणि उडताना ते वर पावडरीत खेचलं जातं. लेप पूर्ण वाळून भुकटी झाली की मऊ ब्रशनं झटका. पावडर करडी झालेली दिसेल. पुन्हा ताजा लेप. जरीवर ब्रश जरीच्या लांबीच्या दिशेनंच, आडवा मारला तर तार उचकटते.

दोन लेपांनंतर पावडर पांढरीच राहिली आणि डाग मात्र दिसतोय, तर थांबा. पुढचं काम चांगल्या ड्रायक्लीनरचं. देताना डाग कशाचा, किती जुना आणि घरी काय काय लावलंय हे सगळं सांगा. ‘पेट्रोल वॉश’ म्हणजे सगळा कपडा द्रावकात धुणं. डागावर हातानं वेगळं काम करणार का, ते विचारून घ्या. नुसत्या वॉशनं जुनं ग्रीस क्वचितच निघतं.

शिरोली_पूल

सगळ्यांचे मनापासून आभार. पँटचा काळा पट्टा टर्पेंटाइन आणि लिक्विडनं गेला, तांबूस भाग लिंबूसत्त्वात बुडवलाय. झब्बा गच्चीवर उन्हात आहे. शर्टावर थेंब अजून उभा राहतोय, पण आधीपेक्षा लवकर मुरतो. पुढं काय? आणि असे दहा-बारा युनिफॉर्म एकदम करायचे असतील तर?

उद्यमनगर_टर्नर

थेंब लवकर मुरतोय म्हणजे तेल कमी होतंय. आता टर्पेंटाइन लावून पिशवीखाली दहाऐवजी वीस मिनिटं ठेवा आणि मागून-पुढून दोन्ही बाजूंनी दाबा. खालच्या फडक्यावर काहीच उमटेना आणि थेंबही शर्टभर सारखाच मुरायला लागला, तरी काळसर छटा दिसत असेल, तर ती पूड आहे, मास्तरांची जेल घ्या. दोन्हीनंही जी फिकट सावली राहील ती टेरिकॉटमधून पुढं निघत नाही. तो शर्ट कामावरच ठेवा, विनाकारण ब्लीच घालून नेव्ही ब्लूचा रंग घालवू नका.

दहा-बारा कपड्यांना प्रत्येक डागावर टर्पेंटाइन परवडत नाही. ड्रम घ्या, तीस लिटर गरम पाणी, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, १५० मिली द्रव डिटर्जंट. डागांवर आदल्या रात्री भांड्यांचं लिक्विड कोरडंच चोळून ठेवायचं, सकाळी ड्रममध्ये एक तास, मध्ये दोनदा काठीनं फिरवायचं. पाणी काळं झालं की टाकून द्यायचं, त्यातच खळबळायचं नाही. मशिनमध्ये घालायचे असतील तर निम्माच लोड, पाणी जास्त, रिन्स दोनदा. पाण्यात मिसळणाऱ्या कटिंग ऑइलचे (यंत्रावर धातू कापताना सोडतात ते) कपडे वेगळे काढा, ते साध्या धुण्यात जातं. ड्रम फक्त ग्रीसवाल्यांसाठी.

टर्पेंटाइनची फडकी आणि उरलेला गाळ गटारीत सोडू नका. लाकडाच्या भुशात जिरवा, उघड्यावर वाळू द्या आणि कारखान्याच्या तेलकट कचऱ्यात टाका.